ब्रांचमधून फोन

आमच्या घरात फोन अक्काच उचलायची. अक्का म्हणजे बाबांची थोरली बहीण, माझी आत्या. नवरा गेल्यावर ती गावाहून आमच्याकडे आली आणि राहिली. नवीन पनवेलला तळमजल्यावर आमचं दोन खोल्यांचं घर होतं. दाराजवळच्या स्टुलावर फोन आणि त्याच्यावर अक्काने स्वतः विणलेला क्रोशाचा रुमाल. घंटी वाजली की ती तव्यावरची भाकरी तशीच सोडून, पदराला हात पुसत धावायची, आणि पलीकडे कुणीही असो, गॅस सिलिंडरवाला असला तरी, पहिल्यांदा विचारायची, "जेवलात कं?" मग निरोप ऐकायची. निरोपातलं तिला जेवढं कामाचं वाटे तेवढं ती ठेवायची आणि बाकीचं मासळीच्या खवल्यांसारखं काढून टाकायची. दातांच्या डॉक्टरांकडून आईला वेळ बदलल्याचा फोन आला, तर संध्याकाळी अक्का सांगणार, "दाताचा डाक्टर म्हनला, नको येऊस." आई कपाळाला हात लावायची. "वन्सं, उद्या नको की कधीच नको, ते तरी विचारायचं." त्यावर अक्काचं ठरलेलं उत्तर असे, "मानूस घाईत होता."

आम्ही सगळे हसायचो. बाबा हसत नसत. फोन वाजला की त्यांचा घास तोंडात थांबायचा. अक्काचा आवाज नेहमीच्या सुरात पुढे गेला, कुणाच्या बाळंतपणाची नाहीतर हळदीची गोष्ट निघाली, की मग ते पुन्हा चावायला लागायचे. दारावरच्या बेलचंही तसंच. आमची बेल चिमणीसारखी चिवचिवायची. ती वाजली की बाबा पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात जायचे आणि कोण आलंय ते आईच्या आवाजावरून कळलं की पेला पालथा घालून बाहेर यायचे. खिडकीखाली एखादी बुलेट येऊन थांबली, की आई टीव्हीचा आवाज कमी करायची. त्या काळात खऱ्या गुन्ह्यांवरच्या मालिका फार चालायच्या. शेजारीपाजारी दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीपाशी त्यांची चर्चा करायचे. आमच्याकडे त्या लागत नसत. का, असं मी कधी विचारलं नाही. लहान मुलाला आपल्या घरातलं सगळंच रीतीचं वाटतं. उलट वरच्या मजल्यावरच्या मित्राचे वडील बेल वाजल्याबरोबर सरळ उठून दार उघडतात, हे पाहून मला त्यांचंच नवल वाटायचं.

ती भीती माझ्यात कधी उतरली ते मला सांगता येणार नाही. कशाची भीती ते ठाऊक नव्हतं, पण ती कशी बाळगायची ते मी शिकलो होतो. आता मीच बाबांच्या तेव्हाच्या वयाचा झालो आहे, आणि अजूनही बेल वाजली की हातातलं काम थांबतं. माझी मुलगी चिडवते, "बाबा, कुणाला लपवलंय का घरात?"

बाबांच्या आणखी एका सवयीची आम्ही थट्टा करायचो. घराबाहेर कितीही चपला असोत, पाहुण्यांच्या असोत की मुलांच्या, येता-जाता ते वाकून त्या जोडीने लावायचे. टाचा भिंतीकडे, पुढचं टोक बाहेर. गणपतीत आरतीला घर भरलं की आत टाळ्या चाललेल्या आणि बाबा बाहेर चपला लावतायत. आई म्हणायची, "देवळाबाहेर बसवलं तर चांगलं चालेल तुमचं."

उरण नाक्याजवळ त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. जळलेले पंखे, पाण्याचे पंप, गिरणीच्या मोटारी. तांब्याची तार आणि वार्निश यांचा वास त्यांच्या शर्टातून धुतल्यावरही जायचा नाही. त्याआधी, मी अगदी लहान होतो तेव्हा, ते विजेच्या लाईनची कामं घेणाऱ्या एका ठेकेदाराकडे होते. खांबावर माकडासारखे चढायचे, असं अक्का अभिमानाने सांगायची. ते काम का सोडलं असं कुणी विचारलं, तर गुडघा धरलाय असं दाखवत बाबा त्यावर हात ठेवायचे. आमच्या खिडकीसमोर बदामाचं झाड होतं. उन्हाळ्याच्या अखेरीला सोसायटीवाले त्याच्या फांद्या छाटायला माणसं आणायचे, कारण त्या तारांना लागायच्या. त्या दिवशी बाबा चहासुद्धा न घेता दुकानात निघून जायचे. एकदा त्यांना उशीर झाला आणि झाडावरचा पोरगा त्यांच्या नजरेस पडला. "खाली उतर," एवढंच बाबा ओरडले, पण असे ओरडले की बायका गॅलरीत आल्या. पोरगा उतरला. बाबा दुकानाकडे चालू लागले. त्या वर्षी फांद्या तशाच राहिल्या.

रविवारी मासळी. बाबा स्वतः पनवेलच्या बाजारात जायचे, कधी मला बरोबर घेऊन, आणि एकाच कोळणीकडे जायचे. तिला मी इथे हिरूबाई म्हणतो. तिचं खरं नाव लिहायचा मला अधिकार नाही. ती खाडीकाठच्या गावातून यायची, बसकी, काळीसावळी, कपाळावर रुपयाएवढं कुंकवाचं गोंदण. बाबा तिच्याशी भाव करत नसत. ती सांगेल ते देत आणि ती घालेल ते पिशवीत घेत. कोलंबी, मांदेली, कधी चिंबोऱ्या, आणि काहीच चांगलं नसलं तर ओला जवळा. आई पिशवी उघडून म्हणायची, "तुम्हाला लांबून पाहिलं की तिच्या पाटीतली मासळी महाग होते." बाबा पाय धुवायला मोरीवर जायचे. पण आईचं कालवण उकळायला लागलं, कोकमाचा आंबट वास घरभर झाला, अक्काने तांदळाची भाकरी थापायला घेतली की घरातली भीती थोडा वेळ कुठेतरी जाऊन बसायची. मला रविवार आवडायचे ते त्यासाठी. फक्त बाबा स्वतः मासळी फारशी खात नसत. रश्श्यात भाकरी बुडवायचे आणि तुकडी माझ्या ताटात सरकवायचे.

बारावीनंतर मला खारघरच्या बाजूच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात प्रवेश मिळाला. तेव्हा पनवेलमध्ये घरटी एक इंजिनीअर तयार होत होता. नाक्यावर, लग्नात, डॉक्टरांच्या दवाखान्यात एकच प्रश्न, "ब्रांच कोणती?" हा शब्द तेव्हा आमच्याकडे सगळीकडेच उगवला होता. बँकेची ब्रांच, क्लासची खांदा कॉलनीतली नवी ब्रांच, मिठाईवाल्याची हायवेवरची ब्रांच. वरच्या मजल्यावरचे काका आपल्या धाकट्या भावाच्या दुसऱ्या संसारालाही ब्रांच म्हणायचे आणि काकू चिमटा काढायच्या. बाबा मात्र तो शब्द उच्चारत नसत. कुणी विचारलं की म्हणत, "प्रॉडक्शन लाईनला हाय." लोकांना वाटे, साधा माणूस, त्याला ठाऊक नाही. मलाही तसंच वाटे, आणि मला लाज वाटे. आज त्या लाजेची लाज वाटते.

मला प्रॉडक्शन नको होतं. मला इलेक्ट्रिकल हवं होतं. सुट्टीत बाबांच्या दुकानात बसून तार गुंडाळताना, जळकी मोटार पुन्हा गुरगुरायला लागते ते ऐकताना, मला हेच करायचं आहे असं वाटायचं. प्रवेशाच्या वेळी मी तसं म्हटलं तेव्हा बाबा सोल्डरिंगचा खटका बंद करून माझ्याकडे बघत राहिले. "कुठलीबी लाईन घे. ती नको." का, म्हटल्यावर, "नको म्हनलं ना." त्यांचा आवाज रागाचा नव्हता. त्यात फोन वाजल्यावरची भीती होती, म्हणून मी हट्ट सोडला. पण पहिल्या वर्षाचे मार्क चांगले पडले, दुसऱ्या वर्षाला काही जागा रिकाम्या होत्या, आणि मी घरी न सांगता ब्रांच बदलून मिळावी म्हणून अर्ज केला. त्यात घरचा फोन नंबर दिला. माझ्याकडे दुसरा नंबरच नव्हता.

कॉलेजातून फोन आला तेव्हा मी घरी नव्हतो. संध्याकाळी परतलो, तर घरात दिवाबत्ती झालेली. अक्का भिंतीकडे तोंड करून लसूण सोलत होती. आईने ताट वाढलं. वरणात मीठ नव्हतं. मी तसं म्हटलं तर तिने मिठाचा डबाच माझ्यापुढे ठेवला. बाबा पाटावर बसून होते. मला वाटलं, माझा अर्ज त्यांना कळला. मी मान खाली घालून जेवलो आणि आतल्या खोलीत जाऊन पुस्तक उघडून बसलो. भिंतीपलीकडून आईबाबांचं बोलणं येत होतं, शब्द कळत नव्हते. आई काहीतरी पुन्हा पुन्हा विचारत होती. मग पत्र्याचं कपाट उघडल्याचा आवाज आला. आमच्या कपाटाचं दार कुरकुरायचं, आणि ते त्या घरात एरवी फक्त लग्नाला जायचं असलं की उघडायचं.

सकाळी बाबा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते. पायाशी रेक्झिनची बॅग. "चल," मला म्हणाले, "गाडी आनायला तू पायजेस." मला अर्थ कळला नाही. आईने माझ्या हातात डबा दिला, त्यात भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी. तिचे डोळे सुजलेले होते. अक्का दारापर्यंत आली आणि बाबांच्या पाठीवरून नुसता हात फिरवून आत गेली. बाबांनी बाहेरच्या चपला जोडीने लावल्या, मग स्वतःच्या पायात घातल्या.

स्कूटर त्यांनी पळस्प्याच्या रस्त्याला घातली. मी मागे, मांडीवर बॅग धरून बसलो होतो. बॅगेतून साबणाचा वास येत होता. फाट्याच्या थोडं अलीकडे त्यांनी गाडी कच्च्यात उतरवली आणि एका शिरीषाच्या झाडाखाली थांबवली. मोठं झाड होतं. एका बाजूने पूर्ण डवरलेलं, दुसऱ्या बाजूला एक जाड फांदी खोडापासून कापलेली; त्या जागी साल कडेने वळून आत आली होती, ओठ मिटल्यासारखी. वरून विजेच्या तारा गेल्या होत्या. रस्त्यावरून गोव्याकडे जाणारे ट्रक धडधडत होते, त्यामुळे बाबांना माझ्या जवळ उभं राहून बोलावं लागत होतं.

ते म्हणाले, हे मी तुला सांगायला आणलं, कारण दुसऱ्याकडून ऐकशील तर वेगळं ऐकशील. मग त्यांनी सांगितलं. पावसाआधी तारांवर आलेल्या फांद्या तोडायचं काम होतं. रोजावर खाडीकडचे लोक घेतलेले. चढायला सरावलेले असतात. त्यांच्यात एक काशिनाथ. थोडं पुढे एका खांबापाशी लाईनला दोन फाटे फुटत होते, लाईनवरच्या लोकांच्या भाषेत दोन ब्रांच, आणि त्या बंद करायचे दोन लोखंडी दांडे तिथेच शेजारी-शेजारी होते. ठेकेदार म्हणाला, ब्रांच बंद करून ये. बाबा गेले, दांडा खाली ओढला. लांब कुठेतरी पाण्याचा एक पंप चालू होता, तो बंद पडल्याचा आवाज आला. त्यांना वाटलं, झालं. परत आले तर काशिनाथ खाली उभा. चपला काढून त्याने खोडाशी जोडीने ठेवलेल्या. कोयता कमरेला. वर बघून हात जोडून झालेले.

"मना म्हनला, दादूस, चढू?" बाबा म्हणाले. "मी म्हनलं, चढ."

बंद झाली होती ती दुसरी ब्रांच.

पुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. फांदी हिरवी होती, ओल्या लाकडातून वीज उतरते, एवढंच म्हणाले. मग ते कापलेल्या जागेकडे बघत राहिले. ठेकेदाराने तिथल्या तिथे सगळ्यांना सांगून टाकलं की लाईन बंद व्हायच्या आधीच हा घाई करून चढला. पोलीस आले, त्यांनाही तेच सांगितलं. त्यांनी बाबांना विचारलं, असंच झालं का, आणि बाबांनी मान हलवली. नंतर ठेकेदार त्यांना बाजूला घेऊन म्हणाला, इथल्या चौकीचं मी बघून घेतो, पण तू तोंड उघडलंस आणि प्रकरण ब्रांचवाल्यांकडे गेलं, तर मग माझ्या हातात काही नाही. ब्रांचवाले म्हणजे क्राइम ब्रांच. त्यानंतर बाबा त्याच्याकडे कामाला गेले नाहीत. पण तो शब्द मात्र त्यांच्याबरोबर घरी आला.

"हिरूबाईचा नवरा," ते म्हणाले.

मला एकदम सगळी मासळी आठवली. कोलंबी, मांदेली, माझ्या ताटात सरकवलेल्या तुकड्या. मी झाडाच्या खोडाला हात टेकला आणि लगेच काढला.

"काल ब्रांचवाल्यांचा फोन आला," बाबा सांगत होते. "अक्कानं घेतला. पाटलांना म्हनावं उद्या ब्रांचसाठी हजर व्हा, खरे कागद घेऊन या, नाय आलात तर पुढची जबाबदारी आमची नाय. आता खरे कागद कोनचे, मला कलत नाय. रेशनकार्ड घेतलंय." मग त्यांनी मला विचारलं, अगदी साधेपणाने, पत्ता विचारावा तसं, "ब्रांचचं हापिस बेलापूरला असंल ना? तू तिकडं कालेजला जातोस, तुला ठाव असंल. मी आत गेलो की तू गाडी घेऊन घरी जा. तिथं ठेवू नको, चोरीला जाईल."

मी ऐकत होतो. ब्रांचसाठी हजर व्हा. ओरिजिनल कागदपत्रं घेऊन या. कॉलेजच्या ऑफिसातला तो कारकून फोनवर कसा बोलत असेल, ते मला स्पष्ट ऐकू आलं. अक्काने त्यातलं कॉलेज काढून टाकलं होतं. माणूस घाईत असणार.

"बाबा, तो फोन माझा आहे," मी म्हटलं.

त्यांनी माझा दंड पकडला. त्या पकडीची खूण नंतर किती तरी वेळ राहिली होती. "तू काय केलंस?" त्यांनी विचारलं. "कोनाला काय केलंस? खरं सांग." त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जी भीती मी पाहिली ती आधी कधीच पाहिली नव्हती, स्वतःसाठीसुद्धा त्यांना इतकी भीती वाटली नव्हती. मी घाईघाईने सांगितलं. कॉलेजचा फोन. कॉलेजातली ब्रांच. मी तुम्हाला न विचारता इलेक्ट्रिकल मागितलं. पोलिसांचा काही संबंध नाही, बाबा. कुणीही तुम्हाला बोलावलेलं नाही.

हे त्यांना समजायला वेळ लागला. समजल्यावर ते हसतील, निदान मोठा श्वास घेतील, असं मला वाटलं होतं. त्यांनी फक्त माझा दंड सोडला आणि स्कूटरच्या सीटवर बसले. चांगले कपडे घालून बसलेल्या माणसाला, कार्यक्रम रद्द झाला, असं कुणी येऊन सांगावं तसे ते दिसत होते.

"काल मला झोप लागली," ते म्हणाले. "गाढ. तुझ्या आईला विचार. इतक्या वर्षांत पयल्यांदा."

एक टँकर गेला, धूळ उडाली, बसली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मंग आज जायचं नाय?"

हे त्यांनी मला विचारलं. मी कॉलेजातला पोरगा होतो, मिशीही नीट आलेली नव्हती, पण त्या झाडाखाली उत्तर देणारा दुसरा कुणी नव्हता. आजवर मी हे कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. फोन माझा होता हे सांगितलं यात मी चूक केली असं मला वाटत नाही. ते खरं होतं. पण बाबांचा तो प्रश्न होता, आणि तो विचारताना त्यांचा एक हात बॅगेवर होता. मी म्हणू शकलो असतो, चला, मी येतो बरोबर. निदान म्हणू शकलो असतो, तुम्ही ठरवा. मला आईचे सुजलेले डोळे दिसत होते, सोसायटीतल्या बायका दिसत होत्या, कॉलेजातल्या मुलांनी मला कोणत्या नावाने हाक मारली असती ते ऐकू येत होतं. मला फार भीती वाटत होती.

"नाही," मी म्हटलं. "घरी चला."

बाबांनी काशिनाथला एक शब्द सांगितला होता. मी त्यांना सांगितला तोही फार मोठा नव्हता.

परतताना गाडी मी चालवली. आईने दार उघडलं, आधी बॅगेकडे पाहिलं, मग बाबांकडे. मी सांगितलं, फोन कॉलेजचा होता. तिने बॅग आत घेतली आणि म्हणाली, "डब्यातलं खाऊन घ्या आता, भाकरी कडक होईल." अक्का आतून विचारत राहिली, काय झालं, काय झालं, आणि तिला कुणी सांगेना. आईने बॅग उघडली. दोन शर्ट, बनियन, पंचा, रक्तदाबाच्या गोळ्या, साबणाची नवी वडी. तिने एकेक वस्तू काढली आणि मी ती जागेवर ठेवली. बाबांचा ब्रश मी मोरीवरच्या पेल्यात परत उभा केला. आम्हा दोघांनाही ते करताना बरं वाटत होतं, हे मला लिहिलंच पाहिजे. बाबा ओट्याला टेकून आमच्याकडे बघत होते.

दुपारी मी कॉलेजात जायला निघालो तेव्हा ते बाहेर आले. मला वाटलं, इलेक्ट्रिकल नको म्हणतील. ते वाकून चपला लावत होते, तसेच वाकलेले म्हणाले, "घे तीच. पन दांडा खाली ओढलास की वर तारेकडं जाऊन बघायचं. नुसतं ऐकून नाय." मी हो म्हटलं. तेव्हापासून आजपर्यंत मी तसंच करतो. माझ्या हाताखालची पोरं मला हसतात, पाटील साहेब लाईन बंद केल्यावरसुद्धा लाईनला घाबरतात म्हणतात. त्यांचं खरं आहे.

त्या रविवारी बाबा बाजारात आले, पण स्कूटर रिक्षा स्टँडपाशी उभी करून तिथेच थांबले. पिशवी माझ्याकडे दिली. मी एकटाच आत गेलो. ओल्या फरशीवरून घसरत, बर्फाच्या पाण्यातून, आरडाओरड्यातून मी हिरूबाईसमोर जाऊन उभा राहिलो. तिनेच ओळखलं.

"बापूस नाय आला?"

"बाहेर आहेत," मी म्हटलं.

"बरा हाय ना?" ती कोलंबी पाटीतून उपसायला लागली. "लय चांगला मानूस. ह्या बाजारात भाव न करनारा तोच एक. तू काय शिकतंस रं? इंजनेर ना? माझा भाचा पन हाय तिकडं. ब्रांच कंची तुझी?"

"इलेक्ट्रिकल."

तिचा हात पाटीवर थांबला. "लायटीचं?"

"हो."

"सांभालून रं पोरा. लाईट मानसाला वलखत नाय." तिने पुन्हा कोलंबी मोजायला घेतली, मग मोजायचं सोडलं. शेजारचीला ऐकू जाऊ नये इतक्या हलक्या आवाजात, पाटीकडेच बघत ती म्हणाली, "आमचा मानूस तसाच गेला. झाडावर. लोकं म्हनतात, घाई केलीन, आधीच चढला. माझा दीरसुद्धा अजून म्हनतो. पन तो घाईचा नव्हता रं. कुठं गेला तरी चपला जोडीनं काढून ठेवायचा. असा मानूस कुठं घाई करल?"

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तिला उत्तर हवं होतं असं नाही. परक्या पोराला सांगून मन हलकं करायचं असावं. पण उत्तर माझ्याकडे होतं. छोटंसंच होतं, आणि बाहेर रिक्षा स्टँडपाशी ते ज्याचं होतं तो माणूस थांबला होता. मी पिशवीचं तोंड उघडून धरलं. तिने कोलंबी ओतली, वरून मूठभर जास्तीची टाकली, आणि म्हणाली, "ही तुझी, पास होशील म्हनून."

बाहेर आलो. बाबा स्कूटरवर बसून होते, दोन्ही पाय जमिनीवर, हँडल धरलेलं. त्यांनी पिशवीकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

"काय म्हनली?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना कोलंबीचा भाव सांगितला.